आठवडा अडतिसावा

पेण स्टेशनात सकाळची रोह्याकडची मेमू उशिरा आली की फलाटावर दोन तट पडतात. एका तटात आम्ही सगळे आणि दुसऱ्यात एकटे तात्या. आम्ही म्हणतो, "आली नाही अजून." तात्या म्हणतात, "हेच डेन्मार्कात झालं असतं ना, तर..." आणि तेवढ्यात गाडी येते. डेन्मार्कात नेमकं काय झालं असतं, ते त्यामुळे गेली चार वर्षं पेणकरांना कळलेलं नाही.

तात्या धाटावच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या खरेदी खात्यात तेहतीस वर्षं होते. तिथे त्यांची ख्याती अशी की तीन कोटेशनं आल्याशिवाय ते टाचणीचं पाकीटही घेत नसत. एकदा उन्हाळ्यात ऑफिसात टेबलफॅन हवा होता. तात्यांनी कोटेशनं मागवली, तुलनात्मक तक्ता केला, हमीच्या अटी वाचल्या. फॅन आला तेव्हा कुंडलिकेला पूर होता आणि सगळे स्वेटर घालून बसले होते. पण तक्ता इतका सुंदर झाला होता की साहेबांनी तो पुढे नमुना म्हणून ठेवला. निवृत्त झाल्यावर असा माणूस काय करणार? शेजारी भाजी आणायला निघाला तरी तात्या विचारत, "आधी अभ्यास केलास का?"

मग थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी तात्या आणि काकू दोघं कोपनहेगनला गेली. व्हिसा नव्वद दिवसांचा. काकूंच्या बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट, पेणचे पोहे, मिरगुंड, पापड. तात्यांच्या बॅगेत दोनशे पानी वही. परतताना काकूंची बॅग रिकामी झाली होती आणि तात्यांची वही भरली होती. मुखपृष्ठावर निळ्या शाईत लिहिलं होतं : 'डेन्मार्क – बाजारात उतरण्यापूर्वी'.

कोण उतरणार होतं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

काकूंनीही डेन्मार्क पाहिलं, पण त्यांचं सांगणं वेगळं. पहिले चार दिवस जो तो उठून 'ताक, ताक' म्हणतोय, हे ऐकून त्यांना वाटलं, इथे ताकाची फार आवड दिसते. पाचव्या दिवशी त्यांनी दही लावलं. 'ताक' म्हणजे आभार, हे लेकीने नंतर सांगितलं. "मेली बाळाला थंडीत बाबागाडीत घालून हॉटेलाबाहेर ठेवतात आणि आत कॉफी पितात," हे त्या अजून छातीवर हात ठेवून सांगतात. आणि तिसरी हकीकत पापडाची. विजेच्या शेगडीवर जाळी ठेवून त्यांनी पापड भाजायला घेतला, तर छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला. खालच्या मजल्यावरचा शेजारी अनवाणी धावत वर आला. काकूंनी त्याला बसवला आणि हातात भाजका पापड दिला. तात्यांच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे : 'शेजाऱ्याकडे पूर्वसूचनेशिवाय जात नाहीत. अपवाद : आग.'

परत आल्यावर तात्यांनी पडवीत वर्ग सुरू केला. फी नव्हती, चहा होता. हमरापूरचा एक गणपती कारखानदार, जोह्याचा दुसरा, पापड-कुरडया करणाऱ्या बचत गटाच्या एक ताई, रोह्याचा एक फार्मसी झालेला पोरगा आणि मी. माझा कशाशी संबंध नव्हता. माझं घर समोर आहे, एवढंच.

पहिला धडा इतिहासाचा. आपलं आणि डेन्मार्कचं नातं किती जुनं, हे तात्या असं सांगत की पेणच्या खाडीत एखादं डॅनिश गलबत नांगर टाकून उभं आहे असं वाटावं. 1620 साली ते तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले. विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण 1805 मध्ये आणि कोश 1810 मध्ये छापला तो बंगालात सेरामपूरला, आणि सेरामपूर तेव्हा डॅनिश राजाचं. "म्हणजे आपलं व्याकरण डॅनिश जमिनीवर उभं आहे!" पुढे 1938 साली हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी मुंबईत भागीदारी केली. त्यांचं ऑफिस इतकं लहान की एक जण आत बसला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. आज ज्या लार्सन अँड टुब्रोचे पूल आणि धरणं आहेत ती ही कंपनी. "दोघांना एक खुर्ची! याला म्हणतात डॅनिश समानता," तात्या म्हणाले.

आतून काकू म्हणाल्या, "याला म्हणतात जागेची अडचण."

समानतेचा धडा मात्र महागात गेला. तिकडे म्हणे साहेब नाही, सर नाही. मालकाला शिपाई पहिल्या नावाने हाक मारतो, मालक स्वतःचा ताट-पेला स्वतः उचलतो आणि राजघराणं सोडलं तर जवळजवळ सगळ्यांना 'तू'. तात्यांनी याची सुरुवात चहापासून केली : जो तो स्वयंपाकघरात जाऊन आपला कप आपण आणेल आणि आपण विसळेल. दुसऱ्या आठवड्यात काकूंच्या किटलीचं झाकण हरवलं, गाळणी फाटली, आणि समानता पडवीच्या उंबऱ्यापाशी थांबवण्यात आली.

तात्या थांबले नाहीत. हमरापूरच्या कारखान्यात जाऊन त्यांनी तीस वर्षं साचे भरणाऱ्या कारागिराला सांगितलं, "उद्यापासून शेठना नावाने हाक मार." कारागिराने शाडूचा गोळा खाली ठेवला, हात धुतले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. संध्याकाळी त्याच्या बायकोचा निरोप आला : शेठ कशापायी रागावलेत? त्यानंतर तात्यांनी रोह्यात एका बँकेच्या मॅनेजरला अस्सल डॅनिश मोकळेपणाने 'तू' म्हटलं. मॅनेजरने शांतपणे सगळं केवायसी नव्याने मागितलं. मला वाटतं, ही पद्धत रोह्यात रुजणं मुळातच कठीण. धावीर महाराजांच्या पालखीला जिथे पोलिसांची सशस्त्र सलामी असते, तिथे देवसुद्धा शिष्टाचार पाळूनच बाहेर पडतो.

'यांते'च्या कायद्याला मात्र वर्गात फार दाद मिळाली. आक्सेल सँडेमोसे नावाच्या लेखकाने 1933 च्या कादंबरीत यांते नावाचं एक गाव रंगवलं आणि त्या गावचे दहा नियम लिहिले. सगळ्यांचं सार एकच : तू कुणी विशेष आहेस असं समजू नकोस. तिकडे बढाई मारणाऱ्याशी कुणी धंदा करत नाही. माल चांगला असेल तर 'बरा आहे' म्हणायचं. तात्यांना वाटलं हे समजायला आम्हाला दोन बैठका लागतील. पण कोकणात हा कायदा पुस्तक न लिहिताच चालतो. 'मोठा शहाणा लागून गेलास' हे वाक्य इथल्या पोराला बाराखडीच्या आधी येतं. अडचण झाली ती फक्त रोह्याच्या पोराची. चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्यात वाढले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे डॅनिश माणसाला सांगायचं की नाही? तात्यांनी बराच विचार करून परवानगी दिली, पण दुसऱ्या भेटीत.

वहीत एक गोष्ट खरोखर मजेची होती. डॅनिश भाषेत 'प्लीज'ला सरळ असा एक शब्दच नाही. तात्यांनी हे उणेपण म्हणून सांगितलं. बचत गटाच्या ताई म्हणाल्या, "आपल्याकडे तरी कुठे आहे? 'कृपया' तेवढं रेल्वेच्या भोंग्यावर." तात्या क्षणभर गप्प झाले. वहीतल्या माणसांपैकी कुणी आपल्यासारखं निघालं की त्यांना ते आवडत नसे. मग अभ्यासाला काय उरलं?

त्यांचा खरा लढा होता 'होऊन जाईल'शी. परदेशी माणूस विचारतो, अमुक तारखेला माल मिळेल का? आपण म्हणतो, होऊन जाईल. डॅनिश माणूस ते खरं धरतो. नाही म्हटलं तर त्याला राग येत नाही. हो म्हणून केलं नाही तर तो पुन्हा फिरकत नाही. हे तात्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. त्यांनी पडवीत पाटीच लावली : 'होऊन जाईल म्हणणाऱ्यास दोन रुपये दंड'. पाटी लावायला सुतार बोलावला होता. सुतार म्हणाला, "उद्यापर्यंत होऊन जाईल." पहिले दोन रुपये त्याचे.

आणि आठवड्यांचे आकडे! तिकडे तारीख बोलत नाहीत, आठवडा बोलतात. भेटू आठवडा चोविसात. शाळेची सुट्टी आठवडा बेचाळिसात. तात्यांनी कालनिर्णयवर लाल पेनाने बावन्न आकडे घातले. काकूंना आता चतुर्थी शोधायची तर आकड्यांच्या जंगलातून जावं लागे.

एवढी तयारी झाली, पण बाजारात कुणी उतरलं नाही. जोह्याच्या कारखानदाराने दोनदा विचारलं, "तात्या, मग पत्र टाकू का एखाद्या पार्टीला?" तात्या म्हणाले, "थांब. अजून जेवणाच्या टेबलावरचे रिवाज व्हायचेत." त्याने कंटाळून तिसऱ्याच एका व्यापाऱ्यामार्फत मूर्ती मॉरिशसला पाठवल्या. तात्यांनी त्याचं नाव हजेरीपटातून कमी केलं.

मग यंदा जानेवारीत डेन्मार्कच पेणला आलं.

पापडाच्या भोंग्याने वर धावलेला तो शेजारी. हातकामाच्या वस्तूंचं त्याचं छोटं दुकान होतं, हे चार वर्षं आम्हाला ठाऊक नव्हतं. तात्यांच्या वहीत त्याची नोंद 'आग' या शब्दाखाली संपली होती. त्याने लेकीच्या घरी पेणची शाडूची मूर्ती पाहिली, तिकडच्या भारतीय घरांतून मागणी आहे हे हेरलं, आणि भारतात फिरायला येतोच आहे तर कारखाना बघतो, असं कळवलं. नाव मी सांगत नाही, कारण तात्यांनी ते पंधरा दिवस घोकलं आणि तरी ते कुणाला नीट आलं नाही. त्या भाषेत लिहिलेली निम्मी अक्षरं गिळायची असतात. अखेर सगळ्यांनी त्याला 'पाव्हणे' म्हटलं आणि समानता परस्पर सुटली.

वेळ ठरली सकाळी दहाची. "दहा म्हणजे दहा," तात्यांनी बजावलं. "नऊ अठ्ठावन्नला दारात गाडी थांबेल. शाल-श्रीफळ नको, हार नको, सत्कार नको. हस्तांदोलन सगळ्यांशी, बायकांशीसुद्धा. किंमत फुगवून सांगायची नाही. आणि साडेअकराला जेवण, ते लोक लवकर जेवतात." हमरापूरच्या कारखान्यात आम्ही नऊ पन्नासला रांगेत उभे. शेठनी आणलेली शाल पोत्याखाली लपवली होती.

दहा वाजले. साडेदहा झाले. तात्या घड्याळाकडे बघेनात, कारण बघितलं की सगळे त्यांच्याकडे बघत. पाहुणा मुंबईहून सहाला निघाला होता. पण ज्या महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा टप्पा 2011 पासून रुंद होतो आहे, त्याला 'दहा म्हणजे दहा' कोण सांगणार? दर दहा मिनिटांनी फोनवर मेसेज : आणखी दहा मिनिटं उशीर, क्षमस्व. खारपाड्याच्या पुलापासून तर त्याने असे चार पाठवले. पाहुणा पोचला तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि तो शरमेने लाल झाला होता. "माफ करा, माफ करा," म्हणत तो गाडीतून उतरला. शेठ म्हणाले, "छे छे, हायवे आहे, चालायचंच." तात्यांचा वेळेचा धडा डॅनिश माणसानेच मोडला होता. त्या दिवशी सगळ्यांत दुःखी चेहरा त्यांचाच होता.

पाहुण्याने सगळ्यांशी हात मिळवला आणि मूर्तींच्या फळ्यांमधून हिंडू लागला. साच्यातून काढलेल्या ओल्या, सुकायला ठेवलेल्या, पांढरा हात दिलेल्या, अंगाला रंग लागलेल्या. आखणीच्या आजी कोपऱ्यात पाटावर बसून डोळे काढत होत्या. कारखान्यात साचा भरणारे पाच, रंगवणारे आठ. पण डोळे आजींचे. बुबुळ भरलं की मातीचा देव होतो, असं तिथले मानतात, आणि ते काम घाईचं नाही. पाहुणा मागे उभा राहून पंधरा मिनिटं बघत राहिला. तात्यांनी त्याला काहीतरी समजावायचा प्रयत्न केला, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मग त्याने विचारलं, आठवडा विसात माल जहाजावर चढेल का? सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी खिशातून घडी घातलेलं कालनिर्णय काढलं : 11 मे. शेठच्या तोंडातून सवयीने 'होऊन...' निघालं आणि दोन रुपयांच्या आठवणीने तिथेच थांबलं. आजींनी मान वर न करता विचारलं, "किती नग?" पाहुण्याने बायकोला फोन लावला, त्यांच्या भाषेत काही बोलला आणि मध्ये म्हणाला, "हालत्रेस."

"तीस," तात्या म्हणाले. वहीत तीन आणि तीसच्या आसपास असाच काहीसा शब्द होता.

"नाही, पन्नास," पाहुणा इंग्रजीत म्हणाला आणि हसला. मग सांगू लागला की आमचे आकडे परक्याला कळत नाहीत. पन्नासला आम्ही 'अर्धा-तिसरा' म्हणतो, म्हणजे दोन विसा पूर्ण आणि तिसरा वीस अर्धा. तात्या गोंधळले. त्यांच्या वहीत या पानावर फुली होती; 'कठीण, नंतर पाहू' असं लिहिलेलं.

आजी ब्रश पाण्यात बुडवत म्हणाल्या, "म्हंजे अडीच कोडी. त्यात काय?"

आजींचं माहेर खाडीकाठचं. सुकी मासळी कोडीने मोजून विकणाऱ्या आईची ती लेक. वीस म्हणजे एक कोडी, आणि दोन पूर्ण झाल्यावर तिसरी अर्धी म्हणजे अडीच. मी पाहुण्याला हे सांगितलं तर तो जमिनीवर मांडी घालून बसलाच. दीडला तुम्ही काय म्हणता? दीड. आमच्याकडेही दीडला एक वेगळाच शब्द आहे, म्हणाला, अर्धा-दुसरा! सत्तर? आजी म्हणाल्या, साडेतीन कोडी. तोच, तोच! नव्वद? साडेचार. पाहुणा टाळ्या वाजवत होता आणि आजी बुबुळ भरत होत्या. मी तात्यांकडे पाहिलं. ते वही काढून भराभरा लिहीत होते. दुसऱ्या कुणाचं बोलणं त्यांनी त्या वहीत उतरवलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"मग जमेल?" पाहुण्याने विचारलं.

"येवरे नाय जमनार," आजी म्हणाल्या. "डोले घाईन व्हत नाय. दोन कोडी देतंव."

कारखान्यात शांतता पसरली. परदेशी गिऱ्हाइकाला तोंडावर नाही! तात्यांच्या दोन वर्षांच्या वर्गातला हा एकमेव उत्तीर्ण विद्यार्थी, आणि तोही कधी वर्गात न आलेला. पाहुण्याने मान डोलावली, चाळीस लिहिलं आणि सौदा झाला. किंमत शेठनी एकदाच सांगितली, त्याने एकदाच ऐकली.

त्यानंतर जे झालं ते तात्यांच्या वाट्याचं होतं, आणि ते मात्र त्यांनी शर्थीने केलं. पाहुण्याने डायरीत पाहून विचारलं : गेल्या वर्षी तुमचा सण 27 ऑगस्टला होता, आठवडा पस्तीस. यंदा 14 सप्टेंबर, आठवडा अडतीस. सण तीन आठवडे कसा सरकला? मग तात्यांनी अधिक मास समजावला. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, ती तूट साचत जाते, मग अडीच-तीन वर्षांनी एक जादा महिना घालून हिशेब मिटवायचा. यंदा ज्येष्ठ दोनदा. मातीच्या गोळ्याचा सूर्य केला, पूजेच्या सुपारीचा चंद्र केला, पाऊण तास लागला. पाहुणा शेवटी म्हणाला, म्हणजे तुमचे लोक तेरा महिन्यांचं वर्षसुद्धा वेळेवर पाळतात? तात्यांची छाती भरून आली. यांतेचा कायदा त्या क्षणी त्यांच्या लक्षात नव्हता.

संध्याकाळी शेताच्या बांधावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, बटाटे. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं करून भोवती गवत-पेंढा पेटवला. 'हुगे' नावाचा त्यांचा प्रसिद्ध शब्द तात्यांना सांगायचा होता : थंडीत आपल्या माणसांबरोबर ऊब घेत निवांत बसणं. वहीत त्यावर सहा पानं होती. पण तात्या शेकोटीपाशी बसले, बोटं भाजत शेंगा सोलल्या आणि काही बोलले नाहीत. पाहुण्याने निघताना काकूंना निळा गोल डबा दिला, लोण्याच्या बिस्किटांचा. काकू खूश झाल्या. "सुयादोऱ्याला एक डबा हवाच होता," म्हणाल्या, आणि त्याच्या हातात पापडांची चळत ठेवली. त्याने छताकडे बोट दाखवून भोंग्याचा आवाज काढला.

आठ दिवसांनी तात्यांच्या फोनवर त्याचा मेसेज आला : 'ताक फॉर सिस्त'. मागच्या भेटीबद्दल आभार, असं तिकडे पुढच्या बोलण्यात आवर्जून म्हणतात. तात्या धावत माझ्याकडे आले. वहीत होतंच ते, पान एकशे बारा! आता याला उत्तर काय द्यायचं? लांब लिहिलं तर बढाई, लहान लिहिलं तर तुटक. पहिल्या नावाने सुरू करावं, पण काकूंचं नाव आधी की आपलं. आणि अधिक मासाचा तक्ता जोडावा की नाही.

मूर्ती आठवडा विसात न्हावाशेव्याहून निघाल्या, पूर्ण दोन कोडी. काकू दर रविवारी लेकीच्या फोनवर पाहुण्यासाठी काहीतरी पाठवतात, फुलं, नाहीतर नुसते हात जोडलेले. परवा मेमूची वाट बघत असताना तात्यांनी मला चौथा मसुदा दाखवला. "पहिल्या ओळीत 'प्रिय' घालू की नको?" मी म्हटलं, "घाला." ते म्हणाले, "थांब, आधी जरा बघतो," आणि वही उघडली. गाडी आली. आम्ही चढलो. फलाटावर तात्या पान एकशे बारा वाचत उभे होते.